हळू लावलं की फाटतं, मोठं केलं की नाही : अँपच्या डिस्टॉर्शनवर वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे एकाच गोष्टीवर होते, की अँपचा आवाज फाटतो, टोचतो, चरचरतो, आणि डेटाशीट बघावी तर सगळं झकास. म्हणून बाकीचं सगळं पुढच्या खेपेला ढकलून एवढंच घेतलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. एकाने साडेतीन पानं लिहून पाठवली होती, त्यातली तीन मी गाळलीत, रागावू नका.

प्रश्न : माझ्या ट्रान्झिस्टर अँपवर टीएचडी ०.०१ टक्के लिहिलंय. मित्राच्या व्हॉल्व्ह अँपवर सरळ २ टक्के लिहिलंय, आणि तरी सगळे म्हणतात त्याचा गोड वाजतो. मग या आकड्याला काही अर्थ आहे का?

उत्तर : दोघांनीही खरंच लिहिलेलं असू शकतं. टीएचडी (टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन) म्हणजे सगळ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीचे जे सूर अँप स्वतः मिसळतो त्यांची, मिळून एक बेरीज, आणि बेरीज केली की कोण कुठला होता ते कळत नाही, घोळ तिथेच होतो. समजा तुम्ही अँपला शुद्ध सा दिला. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्या वरच्या सप्तकातला प, चौथा अजून वरचा सा, पाचवा त्याच्याही वरचा ग. हे सगळे घरचेच सूर आहेत, थोडे मिसळले तर आवाज भरल्यासारखा वाटतो, बिघडल्यासारखा नाही. सातवा मात्र कोमल नीच्या जवळ जातो पण त्यालाही पुरा पडत नाही, थोडा उतरलेलाच राहतो, आणि त्याच्या वरचे बरेचसे असेच घुसखोर. शिवाय मूळ सुराजवळचे हार्मोनिक मूळ सुराखाली बऱ्यापैकी झाकले जातात आणि लांबचे उघडे पडतात, त्यामुळे कानाला २ टक्के दुसरा हार्मोनिक चालून जातो आणि ०.१ टक्का नववा-अकरावा खुपतो.

आता हे येतात कुठून, तर इनपुटच्या मानाने आऊटपुट कसा बदलतो त्या वक्राच्या आकारातून. सिंगल एंडेड ट्रायोडची (म्हणजे पूर्ण लाट एकटा व्हॉल्व्ह उचलतो त्याची) रेघ हळूच एका बाजूला वाकते, लाटेचं वरचं अंग आणि खालचं अंग सारखं राहत नाही, म्हणून सम हार्मोनिक, मुख्यतः दुसरा. पुशपुलमध्ये (एक ओढतो, एक ढकलतो अशी जोडी) दोन्ही अंगं सारखीच बिघडतात त्यामुळे सम हार्मोनिक एकमेकांना मारतात आणि विषम उरतात. आणि वाक जितका तीक्ष्ण तितके वरचे हार्मोनिक जास्त. म्हणून टक्के विचारायच्या आधी मी हे विचारतो की लाट कुठे मोडतेय आणि कशी मोडतेय, गोलाईने का कोपरा काढून. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच परत परत येईल, कंटाळा आला तर सांगा.

प्रश्न : रात्री अगदी हळू आवाजात ऐकलं की गाण्यावर बारीक चरचर येते, मोठं केलं की गायब. सगळे म्हणतात अँप मोठ्या आवाजात फाटतो, माझा उलटा कसा?

उत्तर : तुमचा उलटा नाही, तुमचा बायस मेलाय. क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचं हे अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण.

आऊटपुटला दोन ट्रान्झिस्टर असतात, एक लाटेचं वरचं अर्ध उचलतो, दुसरा खालचं. प्रत्येकाला चालू व्हायला बेस-एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट लागतात. हे आधीच थोडे देऊन ठेवणं म्हणजे बायस. ते दिले नाहीत तर लाट शून्यातून जाताना एक जण सोडून देतो आणि दुसऱ्याने अजून पकडलेलं नसतं, मधे एक सपाट पायरी पडते. ही पायरी एका ठरावीक मापाची असते, आवाज वाढवल्याने ती वाढत नाही. म्हणजे ३० व्होल्टच्या लाटेत ती हरवून जाते आणि अर्ध्या व्होल्टच्या लाटेत अर्धी लाटच खाऊन बसते. म्हणून हळू लावलं की चरचर. फीडबॅक (आऊटपुटचा थोडा भाग परत इनपुटच्या बाजूला आणून चूक दुरुस्त करणं) ती बरीचशी भरून काढतो पण पूर्ण नाही, कारण पायरीच्या त्या क्षणी आऊटपुट स्टेजचा गेनच (सिग्नल किती पट होतो ते) पडलेला असतो, म्हणजे फीडबॅकची गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच त्याच्या हातात काही नसतं. आणि पायरीला कोपरे असतात, कोपरे म्हणजे वरचे विषम हार्मोनिक, वर सांगितले तेच घुसखोर.

उपाय बायस नीट लावणं. सर्किटचं मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा लावा, माझा नको. नसेल तर प्रत्येक एमिटर रेझिस्टरवर २० ते २६ मिलिव्होल्ट इथून सुरुवात करा. २६ चा आकडा हवेतला नाही, ट्रान्झिस्टरचा थर्मल व्होल्टेज तेवढा असतो आणि त्याच्या आसपास एकाचा हात सुटून दुसऱ्याचा लागणं सगळ्यात सपाट होतं. ०.२२ ओहमचा रेझिस्टर असेल तर हे साधारण ११८ मिलिअँपिअर झाले, आणि सप्लाय अधिक-उणे ४० व्होल्ट असेल तर नुसता गप्प बसलेला अँप प्रत्येक जोडीमागे साडेनऊ वॉट तापतो, हीटसिंक बघून ठरवा. आणि थोडं दिलं तर चांगलं मग खूप दिलं तर अजून चांगलं असं इथे चालत नाही बरं का, बायस जास्त झाला की मधल्या पट्ट्यात दोघं मिळून ओढतात आणि पट्टा संपला की एकटाच, तिथे परत गेनला पायरी, फक्त दुसऱ्या जागी.

बायस लावताना घाई नको. प्रीसेट (बायस ठरवणारा, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) सगळ्यात कमी बायसच्या टोकाला, सप्लायमध्ये जास्तीचा करंट अडवायला सिरीज बल्ब, मीटर एमिटर रेझिस्टरवर, आणि मग केसभर केसभर फिरवायचं. आकडा जागेवर थांबत नाही, १२ म्हणता म्हणता १५, १७, कारण ट्रान्झिस्टर तापतोय आणि दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने खाली येतोय. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या आणि परत लावा.

अजून एक, हे मी स्वतः जाळून शिकलोय म्हणून सांगतो. बायसचा तो छोटा ट्रान्झिस्टर असतो ना हीटसिंकवर बसवलेला, त्याचा प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मधे हवा. माझ्या एका जुन्या बोर्डावर तो कलेक्टर आणि बेसच्या मधे होता, वायपरवर (प्रीसेटच्या सरकत्या टोकावर) धूळ बसली, हात लावला आणि वायपर क्षणभर सुटला, छोटा ट्रान्झिस्टर बंद पडला म्हणजे बायस एकदम कमाल, आणि आऊटपुटचे चारही ट्रान्झिस्टर एका फटक्यात गेले. बल्ब लावायला विसरलो होतो हे वेगळं सांगायला नको. बेस-एमिटरच्या बाजूला असता तर वायपर सुटल्यावर बायस शून्याकडे गेला असता, थोडा चरचरला असता आणि वाचला असता.

प्रश्न : साइन वेव्हला अँप छान मोजला जातो, पण झांजा, टाळ्या, सतारीच्या तारेवरचा आघात असं काही आलं की करकरीत ऐकू येतं. याला टीआयएम (ट्रान्झियंट इंटरमॉड्युलेशन) म्हणतात असं वाचलं. ते फीडबॅकमुळे होतं म्हणून फीडबॅक कमी केला तर?

उत्तर : थांबा, रेझिस्टर काढू नका अजून.

थोडी गोष्ट सांगतो. फीडबॅकची कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती उतरवली, तेव्हापासून डिस्टॉर्शन कमी करायला सगळे तीच वापरतायत. ट्रान्झिस्टर आले, गेन स्वस्त झाला, मग भरपूर गेन काढा आणि भरपूर फीडबॅक द्या असा सपाटा सुरू झाला. १९७० साली फिनलंडच्या मॅटी ओटाला यांनी दाखवलं की अशा अँपला एकदम चढणारा सिग्नल दिला तर आतली स्टेज गुदमरते, आणि साध्या साइन वेव्हच्या मोजणीत हे दिसतही नाही. त्यावरून फीडबॅक म्हणजे विष असा समज पसरला तो अजून उतरलेला नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. आतल्या पहिल्या स्टेजला दोन ट्रान्झिस्टरची जोडी असते, एकाला इनपुट, दुसऱ्याला फीडबॅक, आणि ती दोघांतला फरक पुढे पाठवते. या जोडीला शेपटीतून एक ठरावीक करंट मिळतो, समजा १ मिलिअँपिअर. पुढच्या स्टेजला अँप ऑसिलेट होऊ नये (आपणहून झुलू लागू नये) म्हणून एक कॉम्पेन्सेशन कपॅसिटर, समजा १०० पिकोफॅरड. आऊटपुट हलवायचं म्हणजे हा कपॅसिटर भरायचा किंवा रिकामा करायचा, आणि भरायला करंट मिळणार जास्तीत जास्त १ मिलिअँपिअर. म्हणजे कमाल वेग १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, हाच तो स्ल्यू रेट. नळ तेवढाच, बादली तेवढीच, तुम्ही कितीही ओरडलात तरी पाणी त्याच वेगाने येणार.

आता गरज किती आहे? ८ ओहमला १०० वॉट म्हणजे शिखराला ४० व्होल्ट, आणि २० किलोहर्ट्झची पूर्ण लाट शून्यातून जाताना साधारण ५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेगाने धावते. १० मिळतायत, ५ लागतायत, झालं की! नाही झालं. कारण ५ च्या वेगाला जोडीच्या कमाल करंटपैकी निम्मा लागलेला असतो, आणि ही जोडी मुळात फार थोड्या पल्ल्यातच सरळ चालते. एमिटरला रेझिस्टर नसतील तर १८ मिलिव्होल्टच्या फरकालाच तिचा तिसरा हार्मोनिक १ टक्क्यावर पोचतो आणि १०० मिलिव्होल्टला ती जवळजवळ पूर्ण एका कुशीवर. पूर्ण कलली की तेवढा वेळ फीडबॅकची दोरी तुटलेली समजा, त्या मायक्रोसेकंदांत झांजेबरोबर चालू असलेला गायकाचा आवाज, मागचा तंबोरा, सगळं अडकतं. म्हणून ते टोचतं, कारण तिथे नुसता हार्मोनिक वाढत नाही, एका वाद्याचा ठसा दुसऱ्यावर पडतो.

म्हणजे दोष फीडबॅकच्या मापाचा नसून पहिल्या स्टेजला पुरेसा करंट आणि पुरेसा पल्ला नसण्याचा आहे. १९८० साली बॉब कॉर्डेल यांनी भरपूर फीडबॅक असलेला आणि तरीही टीआयएम अगदी नगण्य असलेला अँप मांडून दाखवला, तिथे खरं तर हा वाद मिटायला हवा होता.

तुमच्या बोर्डावर करण्यासारखं काय, तर जोडीच्या दोन्ही एमिटरला १००-१०० ओहम टाका. वरच्या उदाहरणात प्रत्येक ट्रान्झिस्टरचा आतला रेझिस्टन्स ५२ ओहम आहे, तो आता १५२ झाला, गेन तिपटीने उतरला, म्हणून कॉम्पेन्सेशन कपॅसिटर १०० वरून ३३ पिकोफॅरडवर आणला तरी स्थैर्य जवळपास तेच राहतं आणि स्ल्यू रेट १० वरून ३० होतो. हो, खालच्या फ्रिक्वेन्सीला फीडबॅक थोडा कमी होतो यात, पण तो हेतू नव्हता, फुकटचा परिणाम आहे. बदल केल्यावर स्क्वेअर वेव्ह देऊन स्कोपवर कोपऱ्याशी झुलतंय का ते बघायचंच. दुसरं म्हणजे इनपुटलाच एक आरसी फिल्टर, २.२ किलोओहम आणि ३३० पिकोफॅरड, हा २२० किलोहर्ट्झच्या आसपास कापतो, गाण्याला धक्का नाही पण बाहेरून येणारी अति तीक्ष्ण धार आत शिरत नाही. दोन्ही कामं एका संध्याकाळची आहेत.

आणि फीडबॅक अर्धवट कमी करण्याचा नाद तर सोडाच. नुसता दुसरा हार्मोनिक देणाऱ्या स्टेजला थोडासा फीडबॅक दिला की आऊटपुटचा दुसरा हार्मोनिक परत इनपुटला येऊन मिसळतो आणि त्यातून तिसरा, चौथा, पाचवा असे आधी नसलेले पाहुणे जन्माला येतात. पीटर बॅक्सान्डॉल यांनी हे १९७० च्या दशकात आकडे मांडून दाखवलं होतं. फीडबॅक भरपूर दिला की हे पाहुणेही खाली बसतात. द्यायचा तर पोटभर द्या नाहीतर देऊ नका.

प्रश्न : प्रीअँपमधला ४५५८ हा ऑपअँप आयसी काढून एनई५५३२ टाकला, पिना त्याच. आवाज सुधारायच्या ऐवजी अजून कर्कश झाला, आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर. आयसी डुप्लिकेट आला का?

उत्तर : असूही शकतो, पण आधी बाकीचं बघू. ४५५८ चा स्ल्यू रेट १ ते १.७ च्या घरात आणि ५५३२ चा ९ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे तो बराच चपळ, आणि चपळ माणसाला पायाखाली घट्ट जमीन लागते. सप्लाय पिनांजवळ, अगदी चिकटून, १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत का? जुन्या बोर्डांवर बहुतेक नसतात. मग ५५३२ कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होत बसतो आणि ते गाण्याच्या काही भागातच होतं, लाट शिखरावर गेली की तिथे केसाळ धागा दिसतो स्कोपवर. तो धागा ऐकू येत नाही, त्याने ऐकू येणारं बिघडतं. खरखर वेगळ्या कारणाची. ५५३२ चा इनपुट बायस करंट ४५५८ पेक्षा जास्त असतो, तो व्हॉल्यूमच्या पॉटमधून वाहतो, आणि वायपर सरकला की डीसी उड्या मारतो. पॉट आणि आयसीच्या मधे एक कपलिंग कपॅसिटर टाका आणि आयसीच्या इनपुटपासून ग्राउंडला रेझिस्टर, जाईल.

७४१ हा जुना ऑपअँप अजून कोणी ऑडिओला वापरत असेल तर, त्याचा स्ल्यू रेट ०.५ आहे. १० व्होल्ट शिखराला तो ८ किलोहर्ट्झपर्यंतच धावू शकतो, त्याच्या पुढे साइन वेव्ह दिली तर त्रिकोण बाहेर येतो. १९६८ चा आयसी आहे, त्याला निवृत्त होऊ द्या.

प्रश्न : गाण्यात जोरात बेस (खर्जाचा ठोका) आला की त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाजही फाटतो आणि बेस संपल्यावरही पळभर फाटलेलाच राहतो. स्पीकर ठीक आहे.

उत्तर : यात दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्यात. पहिली साधी क्लिपिंग, बेसने लाट सप्लायच्या छताला टेकवली आणि गायकाचा आवाज त्याच लाटेवर बसलेला असल्यामुळे त्याचंही डोकं कापलं गेलं. ट्रान्सफॉर्मर लहान किंवा फिल्टर कपॅसिटर म्हातारे असतील तर बेसच्या ठोक्याला छतच खाली येतं आणि त्यावर रिपलची (सप्लायमध्ये उरलेल्या एसीची) लाट, ५० हर्ट्झचे मेन्स असतील तर १०० हर्ट्झची, म्हणजे क्लिप झालेल्या आवाजात गुरगुरही मिसळते.

पळभर राहण्याचा भाग जास्त मजेशीर आहे, आणि खरा ट्रान्झियंट दोष हाच. क्लिप झाल्यावर आतले ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतात, सॅच्युरेट ट्रान्झिस्टरला बाहेर यायला वेळ लागतो, पण तो मायक्रोसेकंदांचा. तुम्हाला पळभर ऐकू येतंय म्हणजे कुठलातरी कपॅसिटर एकीकडे चार्ज होऊन बसतोय. फीडबॅकच्या खालच्या पायाला ग्राउंडकडे जाणारा इलेक्ट्रोलायटिक असतो तो बघा, क्लिपिंग एकाच बाजूला जास्त झालं की त्यावर डीसी साठतो आणि तो उतरेपर्यंत अँपचा मध्यबिंदू सरकलेला असतो. व्हॉल्व्ह अँपमध्ये हेच ग्रिड करंटमुळे कपलिंग कपॅसिटरवर होतं. आधी फिल्टर कपॅसिटर बदला, मग तो इलेक्ट्रोलायटिक. तरीही राहिलं तर बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलाय का ते चाचपा, कारण जोरदार तुकड्यानंतर आऊटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात आणि त्याला त्याचा पत्ता उशिरा लागतो, मधल्या वेळात बायस भलतीकडेच असतो.

प्रश्न : टोन कंट्रोलमध्ये सिरॅमिक कपॅसिटर चालतील का?

उत्तर : एनपीओ किंवा सीओजी जातीचे बिनधास्त. एक्स७आर नको, त्याची कपॅसिटन्स त्याच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते, म्हणजे तुमचा फिल्टर लाटेबरोबर डोलणार आणि हार्मोनिक देणार. सप्लायच्या पिनांजवळ मात्र एक्स७आर उत्तम. मोठं मूल्य हवं असेल तर फिल्म.

प्रश्न : डिस्टॉर्शन मीटर नाही. घरच्या घरी काही कळेल का?

उत्तर : बरंच कळेल. कॉम्प्युटरचं बरं साउंड कार्ड, एखादं एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं) सॉफ्टवेअर आणि दोन रेझिस्टर. आधी कार्डाचा आऊटपुट त्याच्याच इनपुटला जोडून कार्डाचं स्वतःचं डिस्टॉर्शन बघून ठेवा, नाहीतर त्याचे हार्मोनिक अँपच्या माथी माराल. मग अँपला ८ ओहमचा जाड रेझिस्टर लोड म्हणून, आणि आऊटपुटवरून १० किलोओहम-४७० ओहम असा भाग करून कार्डाला. थेट जोडलंत तर कार्ड गेलं. अँप ब्रिज प्रकारचा असेल तर स्पीकरची एकही वायर ग्राउंड नसते, तिथे कार्डाचं ग्राउंड टेकवू नका, अँप जाईल.

एकच १ किलोहर्ट्झ मोजून समाधान मानू नका. फ्रिक्वेन्सी वाढते तसा अँपचा आतला गेन उतरतो, म्हणून फीडबॅक उरतो कमी आणि डिस्टॉर्शन वाढतं, खरा रंग १० किलोहर्ट्झला दिसतो. पण तिथे हार्मोनिक २०, ३० किलोहर्ट्झला जातात म्हणून कार्ड ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर चालवा. किंवा १९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र द्या आणि १ किलोहर्ट्झला काही उगवतंय का ते बघा, ते तुम्ही दिलेलंच नव्हतं, म्हणजे अँपने स्वतः बनवलं.

मी असंच एकदा एका बोर्डावर डोकं फोडत होतो. १० किलोहर्ट्झला दुसरा हार्मोनिक चांगलाच वर, पुशपुल अँप, सम हार्मोनिक यायचं कारणच नाही. ट्रान्झिस्टर बदलले, बायस बदलला, रेघ जागची हलेना. शेवटी कंटाळून वायरी बघायला लाकडी काडीने सप्लायची एक वायर बाजूला केली आणि स्क्रीनवरची ती रेघ झपकन खाली आली. काडी सोडली की परत वर. सप्लायच्या प्रत्येक वायरीतून फक्त अर्ध्या लाटेचा करंट वाहतो, अर्धी लाट म्हणजे सम हार्मोनिकचं भांडार, आणि ती वायर इनपुट ट्रान्झिस्टरच्या अगदी खांद्यावरून जात होती. अधिक, उणे आणि ग्राउंडच्या वायरी एकत्र पिळल्या, बोर्डाच्या दुसऱ्या कडेने नेल्या, टाय मारला. काढलेले चार चांगले ट्रान्झिस्टर अजून डब्यात पडलेत.